आधी बेत, मग बेतणं: साताऱ्यात पहिल्यांदा कापड घ्यायला निघालेल्यांसाठी

शिलाई मशीन घरात आलं की दुसऱ्या दिवशी माणूस कापड घ्यायला पळतं. मीही पळाले होते. मोती चौकात उतरले, खण आळीत शिरले आणि दोन तासांनी तीन पिशव्या घेऊन घरी आले. एकीत दोन मीटर जांभळं जॉर्जेट, दुसरीत फुलाफुलांचं रेयॉन आणि तिसरीत चौकड्यांचं एक कापड. ते का घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही. जॉर्जेट मशीनखाली सापासारखं वळवळलं. चौकडीच्या रेघा कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी फटकून वागल्या. रेयॉनचं काय झालं ते पुढे सांगते.

कापड कापण्याला आपले शिंपी ‘बेतणं’ म्हणतात. कात्री चालवायच्या आधी बेत हवा, हे त्या शब्दातच आहे, आणि तो बेत दुकानात नाही, घरी करायचा असतो. ज्यांना मशीनवर सरळ टीप मारता येते आणि आता अंगावर घालण्याजोगं काही शिवायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डोळ्यांपुढे साताऱ्याची पेठ आहे, पण कऱ्हाडात किंवा सांगलीतही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

कपाटापासून सुरुवात

दुकानात जायच्या आधी स्वतःचं कपाट उघडा. गेल्या महिन्यात कोणते कपडे पुन्हा पुन्हा घातले आणि कोणते हँगरवरून हललेच नाहीत, ते बघा. रोज सुती कुर्ता आणि लेगिंग घालणाऱ्या बाईने पहिलाच बेत सॅटिनच्या अनारकलीचा केला, तर ती शिवूनही पडून राहणार आणि शिवता शिवता रडवणार ते वेगळंच. सगळ्यांत जास्त घातलेल्या कपड्याचं कापड जाड की तलम, बाही किती, गळा कसा, खिसा आहे का, हे वहीत लिहा. तुमचा पहिला बेत त्याच्याच आसपास असू द्या.

शिवण्याचा क्रम माझ्या मते असा. आधी उशीचे दोन अभ्रे, कारण सगळ्या टिपा सरळ आणि चुकलं तरी झोपेत कुणी बघत नाही. मग परकर, म्हणजे नेफा (नाडी ओवायची जागा), नाडी आणि मुडप (खालची दुमडून शिवलेली कड) हाताखालून जातात. मग टक, म्हणजे अंगासरशी बसवायला घातलेल्या चिमट्या, नसलेला सरळ कुर्ता. ब्लाऊज सगळ्यांत शेवटी. मशीन घेणाऱ्या निम्म्या बायकांना पहिल्यांदा ब्लाऊजच शिवायचा असतो, कारण शिलाई त्याचीच जास्त जाते. पण टक, मुंढा (बाही जोडायची बाकदार जागा), हुकपट्टी आणि अंगासरशी बसणं, हे सगळं त्या एका वीतभर कपड्यात येतं. कुर्त्यात अर्धा इंच चुकला तर खपून जातो, ब्लाऊजमध्ये श्वास अडकतो.

सरावाचं कापड विकत आणायची गरज नाही. मराठी घरात एक गठ्ठा असतोच: हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा. यांनी त्यांना दिलेले, त्यांनी आपल्याला दिलेले, असे फिरत फिरत आलेले. त्यातले बरेच फार तर पाऊण मीटरचे आणि नायलॉनसारखे सुळसुळीत असतात, ब्लाऊजला कुणी वापरत नाही. पण खिसा कसा बसवायचा, गळ्याला पट्टी कशी लावायची, उरेप पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, कशी काढायची, हे शिकायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. ओटीचं चक्र तेवढंच थांबेल.

वहीतला हिशेब

अंगाची मापं टेपने घ्यायला शिका, पण पहिल्या कुर्त्यासाठी त्याहून सोपा मार्ग आहे. तुम्हाला नीट बसणारा कुर्ता फरशीवर सुरकुत्या काढून पसरा आणि त्याचीच मापं घ्या: खांदा, छातीची रुंदी, कमरेची, घेराची, मुंढ्याची खोली, बाहीची लांबी आणि वरची रुंदी, पूर्ण उंची. हा कुर्ता ताणणाऱ्या होजियरीचा नको, मागावर विणलेल्या, न ताणणाऱ्या सुती कापडाचाच हवा.

या मापांत शिलाईचं कापड धरावं लागतं. त्याला ‘माया’ म्हणतात. पुढे अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून जुने शिंपी सढळ हाताने माया सोडायचे. तयार कपड्यांत ती पाव इंचही सापडत नाही. तुम्ही बाजूंना एकेक इंच धरा.

आता उदाहरण. कुर्त्याची उंची 42 इंच, त्यात खांद्याच्या मायेला 1 आणि खालच्या मुडपाला 2 मिळवले की 45. घेराला सगळ्यांत रुंद जागा 22 इंच, दोन्ही बाजूंची माया धरून 24. बाहीची लांबी 17, माया आणि मुडप धरून 20, वरची रुंदी 18. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंच असेल तर पुढचा आणि मागचा भाग शेजारीशेजारी बसत नाहीत, कारण 24 आणि 24 मिळून 48 होतात. ते एकाखाली एक घ्यावे लागतात: 45 अधिक 45, म्हणजे 90 इंच. प्रत्येक भागाच्या बाजूला 20 इंचांची पट्टी उरते, त्यात एक बाही निघते. 90 इंच म्हणजे साधारण 2.29 मीटर. आटण्याचे धरून अडीच मीटर घ्या.

तोच कुर्ता 58 इंच पन्ह्यात केला तर दोन्ही भाग शेजारीशेजारी बसतात आणि त्यांच्याखाली दोन्ही बाह्या. 45 अधिक 20, म्हणजे 65 इंच, 1.65 मीटर. पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. म्हणून मीटरचा भाव दोन दुकानांत सारखा दिसला तरी कुर्ता सारख्या किमतीत पडत नाही. वहीत दोन्ही आकडे लिहून न्या. दुकानात उभ्या उभ्या हा गुणाकार कुणालाच जमत नाही, आणि तेव्हा आपण ‘तीन मीटर द्या’ म्हणून मोकळे होतो.

आणखी दोन गोष्टी. फुलं, मोर, हत्ती एकाच दिशेने चालत असतील तर एकही भाग उलटा ठेवता येत नाही. सगळ्यांची डोकी वर हवीत. मोठ्या चौकड्या किंवा आडव्या रेघा असतील तर बाजूच्या शिलाईत त्या जुळवायला पाव ते अर्धा मीटर जास्त लागतं. पहिल्या कुर्त्याला बारीक, सगळीकडे विखुरलेली नक्षी घ्या. ती वाकडी टीपही पोटात घालते.

केव्हा जायचं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि ऐन लग्नसराईतल्या संध्याकाळी नवख्यांनी पेठेत जाऊ नये. दुकानदाराला बोलायला वेळ नसतो आणि तुम्हाला प्रश्न विचारायचे असतात. आठवड्यातली मधली सकाळ बरी, दुकानं उघडून झाडलोट झालेली असते आणि उजेड चांगला असतो. आषाढात लग्नं नसतात, म्हणून कापडवाले ‘आषाढ सेल’ लावतात. सरावाच्या सुती कापडासाठी तो चांगला काळ. मात्र तेव्हा साताऱ्यात पावसाने अंधारलेलं असतं. ट्यूबलाइटखाली जो रंग मोरपंखी वाटतो तो बाहेर भलताच निघतो, म्हणून दुकानाच्या पायरीवर येऊन बघा. चांगला दुकानदार तागा स्वतःच दारात आणून धरतो.

बरोबर टेप, वही, एक पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली. मॅचिंग काढायचं असेल तर तो कपडाच न्या. मोबाइलमधल्या फोटोवर रंग जुळवू नका.

मोती चौकातले कंदी पेढे परत जाताना घ्या. तुपाचे हात कापडाला लागले तर दुकानदार काही बोलणार नाही, पण त्याच्या मनात यायचं ते येईलच.

पेठेत कुठे काय

राजपथावरची मोठी दुकानं साड्या, सुटिंग-शर्टिंग आणि ड्रेस मटेरियलची. ड्रेस मटेरियल म्हणजे टॉप, बॉटम, ओढणी असा जुळवलेला संच. नवशिक्यांना तो सोपा वाटतो, पण त्यातल्या टॉपच्या कापडाला ठरलेल्या जागी नक्षी असते आणि गळा त्याच जागी यावा लागतो, मग बेतताना हात बांधले जातात. आपल्याला हवं ते ताग्यावरचं मीटरने मिळणारं कापड, ज्याला दुकानात ‘रनिंग’ म्हणतात. कटपीस म्हणजे ताग्याच्या शेवटाला उरलेले तुकडे. ते स्वस्त असतात, पण सव्वा मीटर, एक साठ, दोन दहा अशा अडनिड्या लांबीचे. वहीत हिशेब असेल तर कटपीसमध्ये सोनं सापडतं, नसेल तर आणखी एक गठ्ठा तयार होतो. मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर, रुबिया, फॉल आणि साधी रंगीत कापडं रंगांच्या क्रमाने लावलेली असतात. दोरे, हुक, कॅनव्हास, इलास्टिक यांची दुकानं वेगळी.

दुकानात गेल्यावर नवख्यांची खरी अडचण भिडेची असते. ‘बसा ताई’ म्हणतात, पाणी देतात, एकामागून एक सात तागे उलगडतात, आणि मग काही न घेता उठायचं कसं? अशाने मी घेतलेली कापडं मोजली तर एक चादर होईल. उपाय सोपा आहे. आत शिरतानाच सांगा: ‘दादा, कुर्त्याला सुती हवंय, फिकं, बारीक नक्षीचं, पन्हा चव्वेचाळीस चालेल, अडीच मीटर.’ इतकं नेमकं सांगितलं की तोही दोनच तागे काढतो. नाही आवडलं तर ‘बघून येते’ म्हणून सरळ उठा. त्याला ते दिवसातून चाळीसदा ऐकायची सवय असते.

हाताला काय कळतं

आधी कापड मुठीत धरा, दहापर्यंत मोजा आणि सोडा. चुण्या तशाच राहिल्या तर सुती, लिनन किंवा रेयॉन, आणि तुम्हाला इस्त्री करावी लागणार. लगेच सपाट झालं तर त्यात पॉलिएस्टर आहे. त्यात वाईट काही नाही, पण चैत्रात ते अंगाला चिकटेल.

मग कापडाचा एक कोपरा दोन्ही हातांत घेऊन जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड मऊ पडलं, तर ते खळ लावून जाड केलेलं होतं. एका धुण्यात त्याची मच्छरदाणी होईल. मग उजेडापुढे धरा. धाग्यांच्या मधून उजेड सारखा यायला हवा. मागे हाताचा पंजा ठेवा: बोटं मोजता आली तर अस्तर लागणार, आणि तो खर्च आत्ताच हिशेबात धरा.

रंगासाठी पांढरा रुमाल. एक टोक ओलं करून कापडाच्या काठावर दोन-चारदा घासा. ‘रंग पक्का आहे ना?’ या प्रश्नाला ‘एकदम’ याखेरीज दुसरं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. रुमाल खरं सांगतो. गडद लाल, जांभळा, नीळ आणि काळा हे चार रंग तपासल्याशिवाय घेऊच नका.

नावांचंही थोडं. कॅम्ब्रिक आणि पॉपलिन घट्ट विणीची, सरळ कापली जाणारी, मशीनखाली न सरकणारी सुती कापडं. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी. इकडे येणारं असं पुष्कळ कापड इचलकरंजीच्या मागांवरचं असतं. तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली आला. मलमल तलम आणि विरळ, दिसायला गोड, पण कापताना पळते. रुबियाच्या काठावर ‘टू बाय टू’ लिहिलेलं असतं, म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी पिळाचे. ब्लाऊजला आणि चांगल्या अस्तराला ते टिकतं. ‘साठ सुताचं’, ‘ऐंशी सुताचं’ असं कुणी म्हणालं तर तो सुताचा नंबर: एका पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात तितका. नंबर वाढला की सूत बारीक.

रेयॉनबद्दल मला वैयक्तिक राग आहे. ते हाताला रेशमासारखं थंड लागतं, अंगावर झुळझुळीत पडतं, रंग मोहात पाडतात. त्या पहिल्या खरेदीतलं फुलाफुलांचं रेयॉन मी न धुता बेतलं, छान गुडघ्याखाली येणारा कुर्ता शिवला, घालून मिरवला आणि धुतला. दोरीवरून काढला तेव्हा तो गुडघ्याच्या वर वीतभर गेला होता. माझ्या भाचीने तो टॉप म्हणून दोन वर्षं वापरला. रेयॉन घ्यायचंच तर पाव मीटर जास्त घ्या, आणि ओलं असताना पिळू नका. ओलेपणी त्याचा धागा बराच कमजोर पडतो. सुती, कोरडं असताना जितकं मजबूत, ओलं झाल्यावर त्याहून घट्ट होतं.

सुती म्हणून दिलेलं खरंच सुती आहे का, याची शंका असेल तर काठाजवळचे चार धागे मागून घ्या आणि घरी, मोरीत, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख म्हणजे सूत. काळा धूर, वितळून झालेला कडक मणी म्हणजे पॉलिएस्टर. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. मेख एवढीच की रेयॉनही लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे तेही कागदासारखंच जळतं. दोघांतला फरक ओल्या धाग्यात दिसतो: थुंकी लावून ओढा, रेयॉन पटकन तुटतं.

खणाचं वेगळं

खण आळीत जाऊन खणाकडे न बघता परत येणं अवघडच. आणि हल्ली खणाचे कुर्ते, जाकिटं, परकर-पोलकी, अगदी पर्ससुद्धा शिवतात. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. इरकल साडीचं इलकल गावही त्याच जिल्ह्यातलं. त्रिकोणी घडी घातलेला, दोन्ही काठांना पट्टी असलेला तो चोळीचा खण आजीच्या ट्रंकेत असतोच.

पारंपरिक हातमागाचा खण अरुंद असतो, साधारण 30 ते 32 इंच. तो चोळीच्या मापानेच विणला जायचा. रनिंग मिळाला तरी वरच्या हिशेबातला 24 इंचांचा भाग काढल्यावर बाजूला बाही बसत नाही आणि दोन बाह्या शेजारीशेजारीही बसत नाहीत. म्हणजे 90 इंच कुर्त्याचे आणि 20-20 इंच बाह्यांचे, 130 इंच, जवळपास 3.3 मीटर. साडेतीन घ्यावा लागतो. याच्या उलट यंत्रमागावरचा, कृत्रिम धाग्याचा ‘खण’ 44 पन्ह्यात मिळतो. लांबून दोन्ही सारखे दिसतात. हातात घेतल्यावर कळतं: पहिला जरा जड आणि कोरडा लागतो, दुसरा गुळगुळीत आणि चमकदार. दुसरा घेणं चूक नाही, धुवायला तोच सोपा. फक्त हातमागाचा भाव यंत्रमागाच्या खणाला देऊ नका. पन्हा विचारला की निम्मं उत्तर मिळतं.

खणाचे धागे कापल्या कडेला भराभर सुटतात. म्हणून माया दीड इंच ठेवा आणि कापल्याबरोबर, दुसरं काहीही करायच्या आधी, कडांना इंटरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडेवर मारतात ती टीप, करून घ्या. आत सुती अस्तर हवंच. आणि पहिलाच कुर्ता खणाचा करू नका. आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या जाडसर सुती कापडाचा, करून बघा. कोरा मांजरपाट स्वस्त असतो, त्यावर गळा, मुंढा, बाही सगळं चुकवून घ्या, पेनने खुणा करा, आणि तोच उसवून खणावर ठेवून बेता. तो मांजरपाटाचा सांगाडा पुढे कितीतरी वर्षं पुरतो. माझा अजून आहे, दोनदा रुंद केलेला.

मोजून घेताना

‘पन्हा किती?’ हा पहिला प्रश्न, भाव नंतर. आणि टेप लावून बघा: 44 सांगितलेला पन्हा काठ सोडून 42 भरतो. जुने लोक अजून वार म्हणतात. वार 36 इंचांचा, मीटर 39.37 इंचांचा. पाच वार आणि पाच मीटर यांत सतरा इंचांचा फरक पडतो, म्हणून ऐकलेलं एकदा विचारून पक्कं करा.

मोजताना कापड पट्टीवर सैल पडलेलं असावं. जॉर्जेट, रेयॉन आणि होजियरी ओढून मोजली तर दर मीटरला बोट-दोन बोटं जातात. कापायच्या आधी तुमच्या वाट्याचं सगळं कापड उलगडून घ्या आणि विणीतली गाठ, तेलाचा डाग, छापाची चूक बघा. कात्री लागल्यावर परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. साधं सुती असेल तर ‘फाडून द्या’ म्हणा. फाडलेलं कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, कात्रीने कापलेलं तिरकं जाऊ शकतं, आणि त्या तिरकेपणात तुमचे दोन इंच जातात.

अस्तर आणि दोरा

अस्तर कापडाच्या जातीचं घ्या. सुतीला सुती, झुळझुळीत कापडाला क्रेप. दोऱ्याचा रंग जुळवताना रीळ कापडावर ठेवून बघू नका, एक धागा उलगडून कापडावर आडवा टाका. नेमका नाहीच मिळाला तर एक छटा गडद घ्या, फिकी टीप लगेच डोळ्यांत भरते. मशीनची सुई तलम सुतीला 11 नंबर, कॅम्ब्रिकसारख्याला 14, डेनिमला 16. नव्या कपड्याला नवी सुई घाला. बोथट सुईने कापडाचे धागे ओढले जातात आणि आपण मशीनला नावं ठेवत बसतो.

घरी आल्यावर लगेच शिवायचं नाही

कापड आणि अस्तर, दोन्ही पाण्यातून काढा. कापड धुतात आणि अस्तर विसरतात, ही चूक मी स्वतः केलेली आहे. मग पहिल्या धुण्यात अस्तर आत आटतं आणि वरचा ब्लाऊज भोपळ्यासारखा फुगतो.

भिजवायच्या आधी कापडाची लांबी मोजून वहीत लिहा. सुती कापड साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, गडद रंग वेगळ्या बादलीत. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आजच्या रंगांवर त्याचा भरवसा नाही. जो जायचा तो जातोच. न पिळता निथळू द्या, सावलीत काठ सरळ ठेवून वाळवा आणि जरा ओलसर असतानाच इस्त्री करा. पुन्हा मोजा. शंभर सेंटीमीटरला तीन-चार कमी झाले तर नेहमीचंच. श्रावणात कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं, म्हणून पावसाळ्यात बेत असेल तर उघडीप बघून भिजवा.

बेतताना

फरशीवर चादर घालून त्यावर कापड पसरा. काठाच्या दिशेने जाणारा तो उभा धागा, कुर्त्याची उंची नेहमी त्याच दिशेने. उभं ओढलं तर कापड जवळजवळ ताणत नाही, आडवं किंचित, तिरकं भरपूर. गळ्याची पट्टी त्या तिरक्या उरेपात काढतात ती याचसाठी, वळणावर बसते.

आता नवखे हमखास अडकतात ती जागा. 44 पन्ह्याचं कापड आपण सवयीने मधोमध दुमडतो. मग घडीपासून 12 इंच, म्हणजे उलगडल्यावर 24, कुर्त्याला गेले की दोन्ही काठांना दहा-दहा इंचांच्या दोन पट्ट्या उरतात. अठरा इंची बाही दोन्हींत बसत नाही, आणि माणूस म्हणतं कापड कमी पडलं. मधोमध दुमडू नका. एक काठ 12 इंचच आत मोडा. त्या घडीवर कुर्त्याचा भाग येतो आणि पलीकडे जवळपास 20 इंचांची सलग पट्टी उरते. काठ सोडून अठरा. बाही बरोबर बसते. 58 पन्ह्यात दोन्ही काठ 12-12 इंच आत मोडायचे, एका घडीवर पुढचा भाग, दुसऱ्यावर मागचा.

सगळे भाग कापडावर ठेवून टाचण्या लावा, खडूने खुणा करा आणि अर्धा तास उठून जा. परत आल्यावर तीन गोष्टी बघा: नक्षी सगळीकडे सुलटी आहे का, माया सगळीकडे धरली आहे का, आणि दुसरी बाही पालथी ठेवून आखली आहे का. मुंढ्याचा पुढचा बाक मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून उजवी आणि डावी बाही एकमेकींचं प्रतिबिंब लागतात. एकेक करून कापताना हे विसरलं की दोन्ही बाह्या डाव्या निघतात. हे झालं तर कापड घ्यायला पुन्हा पेठेत जावं लागतं, आणि तोवर तो तागा संपलेला असतो.

कापून झाल्यावर कातरणीतला दोन इंचांचा तुकडा वहीत टाचून ठेवा. त्याच्याशेजारी पन्हा, भाव, किती घेतलं, किती आटलं आणि शेवटी किती उरलं ते लिहा. पुढच्या वेळी दुकानात तोच तुकडा पुढे करून ‘दादा, असंच, पण जरा फिकं’ म्हणता येतं.